शीळ घालणारी बाभूळ

लायकिपियाचं पठार केनियाच्या मध्यात, जवळजवळ विषुववृत्तावर आहे. उंची सुमारे 1,800 मीटर, त्यामुळे सकाळी स्वेटर घातल्याशिवाय बाहेर पडवत नाही. पठाराचा बराच भाग काळ्या मातीचा आहे आणि ती माती मला लहानपणापासून ओळखीची. माझं माहेर परभणीकडचं. ज्वालामुखीचा खडक झिजून झालेली, पावसात फुगणारी, पायांना किलोकिलोनं चिकटणारी, उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडणारी जमीन तिथेही आहे. आपल्याकडे अशा रानात कापूस, ज्वारी, सोयाबीन उभं असतं. तिथे काटेरी झाडांचं रान आहे, आणि ते जवळजवळ सगळं एकाच जातीचं. माती भेगाळताना मुळं तुटतात, पावसाळ्यात तीच माती मुळांचा श्वास कोंडते. ज्याला हे दोन्ही सोसतं तेच इथे टिकतं. लायकिपियाच्या काळ्या रानात 100 झाडं मोजली तर 95 हून जास्त या एकाच जातीची निघतात.

इंग्रजीत तिला व्हिसलिंग थॉर्न म्हणतात. शास्त्रीय नाव व्हॅचेलिया ड्रेपॅनोलोबियम. आपली बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका, म्हणजे दोघी एकाच गोत्रातल्या, शेंगा येणाऱ्या कुळातल्या. ही मात्र बुटकी. 6 मीटर उंची म्हणजे डोक्यावरून पाणी, बरीचशी झाडं माणसाच्या डोक्याच्या जरा वर जाऊन थांबतात. पानं तीच, बारीक पिसांसारखी. फुलं पांढुरकी, गोल. सावली नावापुरती. माझे दीर नैरोबीत असतात, त्यांच्याकडे गेलं की उत्तरेला लायकिपियापर्यंत एक चक्कर होतेच. बाकीची मंडळी सिंह, गेंडे बघायला डोळे ताणून बसलेली असतात. मला या झाडापाशी गाडी थांबवून हवी असते, आणि आता घरातल्यांनीही ते मान्य केलंय.

कारण तिचे काटे. काटे दोन तऱ्हेचे असतात. एक साधे: पांढरे, सरळ, सुईसारखे, बोटाएवढे लांब, जोडीजोडीनं येणारे. दुसरे म्हणजे ज्यांच्या बुडाशी एक फुगीर गोळा असतो. सुपारीएवढा, कधी लिंबाएवढा. कोवळा असताना तो हिरवा-जांभळा आणि मऊ असतो, मग वाळून काळपट, लाकडासारखा कडक होतो. त्यातून दोन काटे शिंगांसारखे बाहेर आलेले. हा गोळा आतून पोकळ. किडीनं डंख केल्यामुळे आलेली ही गाठ नव्हे. मुंगी जवळपास नसली तरी झाड तो आपल्या आपण बनवतं. मुंग्या नंतर येतात, भोकं पाडतात आणि आत बिऱ्हाड थाटतात. पानांच्या देठांशी बारीक ग्रंथी असतात, त्यांतून गोड रस पाझरतो. राहायला घर, वर गोडधोड. जुन्या, रिकाम्या गोळ्यांच्या भोकांवरून वारा गेला की शीळ ऐकू येते. सगळं रान एका सुरात वाजत नाही. कुठून तरी एक बारीक, लांब आवाज येतो, थांबतो, मग दुसऱ्या फांदीतून येतो.

आमच्या वाटाड्यानं पहिल्यांदा मला दाखवलं ते असं. त्यानं काठीनं एका फांदीला हलकेच टिचकी मारली. दोन-तीन सेकंद काही नाही. मग प्रत्येक गोळ्याच्या भोकातून एकेक डोकं, आणि बघता बघता फांदी तांबूस-काळ्या मुंग्यांनी भरून गेली. त्या पळून जात नव्हत्या, काठी जिथे लागली होती तिकडेच धावत होत्या. पोटाचा मागचा टोकदार भाग पाठीवर उचलून धरलेला. एक उग्र, नाकात जाणारा वास सुटला. मी वाकून बघत होते तेवढ्यात एक मुंगी अंगठ्याच्या बेचक्यात चावली आणि तिनं सोडलंच नाही. झटकलं, पुसलं, शेवटी नखानं उपटली. "हत्तीच्या सोंडेत शंभर शिरल्या तर काय होत असेल विचार करा," वाटाड्या म्हणाला.

विचार कुणीतरी केला होता. जेकब गोहीन आणि टॉड पामर या दोन संशोधकांनी 2010 साली ते छापलं. त्यांनी माणसांनी सांभाळलेल्या तरुण हत्तींपुढे फांद्या ठेवल्या. काही या झाडाच्या, काही हत्ती आवडीनं खातात अशा दुसऱ्या एका काटेरी झाडाच्या. मग अदलाबदल केली: हिच्यावरच्या मुंग्या काढून टाकल्या, तिच्यावर मुंग्या सोडल्या. मुंग्या नसल्या तर हत्तींनी हिच्या फांद्या बिनतक्रार खाल्ल्या, काटे असून. आणि आवडीच्या झाडावर मुंग्या दिसताच सोंड मागे घेतली. म्हणजे हत्तीला काट्यांचं फारसं काही वाटत नाही. त्याला नको असते ती मुंगी. सोंडेची आतली कातडी फार नाजूक असते. एका मुंगीच्या अब्जपटीनं वजनदार असलेला प्राणी तिच्यामुळे वाट बदलतो. त्याच अभ्यासात उपग्रहाची चित्रंही तपासली होती. हत्ती वाढलेल्या वर्षांत लायकिपियाच्या वालुकामय जमिनीवरची झाडी कमी झाली, काळ्या मातीतली मात्र तशीच राहिली.

इथवर गोष्ट सरळ आहे. झाड घर देतं, मुंगी राखण करते. पुस्तकातला धडा इथेच संपतो. मला मात्र याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

1995 साली ट्रूमन यंग या शास्त्रज्ञानं लायकिपियातल्या म्पाला संशोधन केंद्रात काळ्या मातीच्या रानात कुंपणं घातली. चार-चार हेक्टरचे 18 तुकडे. कुंपणं तऱ्हेतऱ्हेची. काहींत कुणालाच प्रवेश नाही. काहींत फक्त गुरं. काहींच्या तारा मुद्दाम उंचावर बांधलेल्या, म्हणजे झेब्रे, हरणं खालून जातील पण हत्ती आणि जिराफ अडतील. कुठला प्राणी काय करतो हे वेगवेगळं पाहता यावं म्हणून ही सगळी मांडणी. तो प्रयोग पुढे अनेक वर्षं चालू राहिला, आणि मला तो माणसाच्या चिकाटीचं एक सुंदर काम वाटतो. एक प्रश्न विचारायचा आणि उत्तरासाठी झाडाच्या गतीनं थांबायचं.

दहा वर्षांनी कुंपणाच्या आत काय दिसावं? हत्ती नाही, जिराफ नाही, फांद्या ओरबाडणारं कुणी नाही. झाडं फोफावली असणार असंच कुणालाही वाटेल. पामर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात मांडलं ते याच्या नेमकं उलट. कुंपणातली झाडं हळू वाढत होती आणि जास्त मरत होती.

घडलं असं. खाणारं कुणी नाही म्हटल्यावर झाडानं खर्च आवरला. नवे काटे आखूड झाले. पोकळ गोळे कमी झाले. मधाच्या ग्रंथी कमी झाल्या. जिचं पोट आणि घर या दोन्हींवर अवलंबून होतं ती राखणदार मुंगी, क्रेमॅटोगॅस्टर मिमोसे, अडचणीत आली. गोड रस मिळेना म्हणून ती झाडाचा रस शोषणाऱ्या खवलेकिडी पाळू लागली, त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोडव्यासाठी. फांदी हलवली तरी ती मुंगी पूर्वीसारखी अंगावर धावून येईना. वसाहती दुबळ्या झाल्या आणि शेजारच्या दुसऱ्या मुंगीनं झाडं बळकावली. या दुसरीला, क्रेमॅटोगॅस्टर शोस्टेटीला, गोळे लागतच नाहीत. ती खोडातल्या पोकळ्यांत राहते, आणि त्या पोकळ्या पाडतात खोडकिड्याच्या अळ्या. म्हणून ती खोडकिड्याला हाकलत नाही, उलट त्याची सोय बघते. झाड आतून पोखरलं जातं. हत्तीचा त्रास गेला आणि खोडकिडा आला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं काही वाचू शकले नव्हते. हत्ती फांद्या मोडत होता म्हणून झाड मुंग्यांना पोसत होतं, मुंग्या पोसल्या जात होत्या म्हणून खोड शाबूत होतं. बाहेरून पाहणाऱ्याला यात हत्ती तेवढा नुकसान करणारा दिसतो, आणि माया करायची तर त्याला आधी बाहेर काढायचं असं कुणालाही सुचेल.

या मुंग्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं, कारण राखणदार एक आणि लबाड एक एवढंच हे नाही. या झाडावर चार जातींच्या मुंग्या राहतात, बहुधा एका झाडावर एका वेळी एकच. दोघी वर आल्या. तिसरी क्रेमॅटोगॅस्टर नायग्रिसेप्स: हीही राखण करते, पण झाडाच्या बगलेतले कोंब कुरतडून टाकते. त्यामुळे झाडाला फुलं येत नाहीत, शेंगा धरत नाहीत. झाड वांझ राहतं. चौथी टेट्रापोनेरा पेन्झिगी: सडपातळ, काळी. ही झाडाच्या मधाच्या ग्रंथीच कुरतडून संपवते.

हा दुष्टपणा वाटतो, पण त्यामागे भीती आहे. शेजारच्या दोन झाडांच्या फांद्या एकमेकींना लागल्या की त्यांवरच्या मुंग्यांत लढाई पेटते. संशोधकांनी मुद्दाम फांद्या एकत्र बांधून त्या लढाया घडवून पाहिल्या आहेत. कोण कुणाला हरवतं याची उतरंड ठरलेली आहे: शोस्टेटी सगळ्यांवर भारी, मग मिमोसे, मग नायग्रिसेप्स, आणि पेन्झिगी तळाला. नायग्रिसेप्स कोंब छाटते ते झाड आडवं पसरून बलाढ्य शेजाऱ्याला टेकू नये म्हणून. पेन्झिगी ग्रंथी संपवते ते झाड दुसऱ्या कुणाला हवंसंच वाटू नये म्हणून. तिनं पाडलेली भोकंही इतकी लहान की बाकीच्यांना त्यातून आत शिरता येत नाही. दुबळ्यानं आपलं घर राखण्याचे हे मार्ग आहेत, आणि किंमत झाड मोजतं.

मग झाडाचा तोटाच झाला की. पामर आणि मंडळींनी हाही हिशेब मांडला, 2010 साली. हे झाड अनेक दशकं जगतं आणि तेवढ्या काळात त्यावरचे भाडेकरू बदलत जातात. लहानपणी एक, तरुणपणी दुसरी, म्हातारपणी तिसरी. एकेका मुंगीबरोबर आयुष्य काढलं तर झाडाच्या वंशात भर किती, आणि चौघींबरोबर पाळीपाळीनं काढलं तर किती, असं गणित केल्यावर चौघींबरोबरचं आयुष्य वरचढ ठरलं. झाडाला वांझ करणारी मुंगी ऐन नाजूक वयात त्याला जगवते. फुलं नंतर येतात, दुसरीच्या राज्यात. आपण एखाद्या नात्याचा ताळेबंद एका वर्षाच्या आकड्यांवर मांडतो तेव्हा किती अपुरं बोलतो, हे मला या झाडानं शिकवलं. मी संसारात पडलेली बाई आहे, मला ते चटकन पटलं.

आमच्या घरी बाभळीला मान होता. आबा बांधावरची बाभूळ तोडू देत नसत. औत, कुळव, बैलगाडीचं चाक, सगळं तिच्या लाकडाचं. शेंगा शेळ्यांना, डिंक बाळंतिणीच्या लाडवांना, काट्याकुट्या कुंपणाला. आता औतं गेली, ट्रॅक्टर वळायला अडचण होते म्हणून बांधावरच्या बाभळीही गेल्या. आपल्या बाभळीच्या काट्यांत मुंग्या राहत नाहीत, पण पानाच्या देठावर बारीक ग्रंथी हिच्याही असतात आणि त्यांवर मुंग्या येतात. बांध कोरताना यातलं कोण काय करत होतं याची नोंद कुणी ठेवली नाही. लायकिपियात निदान ठेवली गेली, आणि तिथल्या पुढच्या संकटाचा माग त्यामुळेच लागला.

ते संकटही मुंगीचंच. फिडोल मेगासेफाला, मोठ्या डोक्याची मुंगी. जगभरातल्या सगळ्यात उपद्रवी आगंतुक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. माणसांच्या सामानाबरोबर, मातीबरोबर ती देशोदेशी पोचली आणि गेल्या वीसेक वर्षांत लायकिपियात वस्त्यांच्या, बांधकामांच्या आजूबाजूनं शिरली. वर्षाला साधारण 50 मीटर एवढ्या वेगानं ती सरकते. झाडावर चढून राखणदार मुंग्यांची अंडी-पिल्लं खाते, वसाहतच्या वसाहत मारते. स्वतः मात्र झाडाची राखण करत नाही. हत्ती आला तर ती अडवायला जात नाही. ती पसरलेल्या भागात हत्ती झाडं मोडतात ती पाच ते सात पट जास्त.

याचा पुढचा पदर 2024 च्या जानेवारीत 'सायन्स'मध्ये आला. डग्लस कमारू हे केनियाचेच संशोधक, ओल पेजेटा या राखीव रानात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. झाडं मोडली की रान उघडं पडतं. सिंह दबा धरून शिकार करणारा प्राणी. आडोसा नसला तर झेब्र्याला तो लांबूनच दिसतो. आगंतुक मुंगी नसलेल्या भागात झेब्र्याची शिकार होण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट होती. मग सिंहांनी काय केलं? ओल पेजेटात 2003 साली त्यांच्या शिकारींत झेब्रे 67 टक्के होते आणि रानम्हशी शून्य. 2020 साली झेब्रे 42 टक्क्यांवर आले आणि रानम्हशी शून्यावरून 42 टक्क्यांवर. सिंहांची संख्या घटली नाही. पण रानम्हैस मारणं झेब्रा मारण्यासारखं नसतं. ती कळपानं उलटते, शिंगावर घेते. एका तांदळाच्या दाण्याहून लहान जिवानं सिंहाला जास्त धोक्याचं जिणं दिलं.

ही बातमी जगभर 'मुंगीनं सिंहाचा आहार बदलला' अशी छापून आली. आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवरही फिरली. सिंह मथळ्यात आला की वाचली जाते, ठीक आहे. मला खंत एवढीच की त्या बातम्यांत झाड कुठेतरी मधल्या ओळीत येऊन गेलं. या साखळीत सिंह शेवटचा आहे. त्याच्याआधी झेब्रा, त्याआधी हत्ती, आणि सगळ्यांच्या मुळाशी ती बुटकी काटेरी बाभूळ, जी आपल्या मुंग्या गमावून उभी आहे. तिच्यावर आणखीही कितीजण अवलंबून आहेत. पॅटास नावाचं लांब पायांचं, तांबूस माकड लायकिपियात याच रानात राहतं. या झाडाचा डिंक आणि गोळ्यांतल्या मुंग्या हे त्याचं मोठं अन्न, आणि झोपायलाही तेच झाड. काळा गेंडा या झाडाच्या फांद्या खातो. गावातली माणसं त्याचा कोळसा पाडतात, कारण लाकूड जड असतं आणि बुंध्यापासून तोडलं तरी ते पुन्हा फुटतं. कुऱ्हाडीतून आणि हत्तीच्या सोंडेतून सावरण्याची ताकद या झाडात आहे. पण पुन्हा फुटलेल्या कोंबांची राखण करायला कुणी उरलं नसेल तर हत्ती तेही खातो.

आगंतुक मुंगीला सगळ्या रानातून हटवण्याचा सोपा उपाय हाती नाही. विष टाकावं तर ते राखणदार मुंग्यांनाही मारतं. ती पोचलेली नाही अशा भागात माती, रोपं, बांधकामाचं सामान नेताना काळजी घेणं, ती कुठवर आली आहे याचा माग ठेवणं, एवढंच आज करता येतं. हे कामही कंटाळवाणं आणि संथ आहे, कुंपणांवर लक्ष ठेवण्यासारखं. कमारूंसारखी तिथली माणसं ते करताहेत.

नैरोबीला कामानिमित्त, नात्यागोत्यात जाणारी बरीच मराठी मंडळी आता लायकिपियापर्यंत जातात. तुम्ही गेलात तर वाटाड्याला एक विनंती करा: काळ्या मातीच्या पट्ट्यात, जिथे उतरायची परवानगी असेल तिथे, पाच मिनिटं गाडी थांबवा. पोकळ गोळ्यांची फांदी निवडा आणि काठीनं टिचकी मारा. हात लांब ठेवा. दहा सेकंदांत मुंग्या धावून आल्या तर बरं समजा. नाही आल्या तर बुंध्याशी वाकून माती बघा, बारीक, तपकिरी मुंग्यांची ओळ आणि त्यात मधूनच एखादी मोठ्या डोक्याची दिसते का. दिसली तर जागा लिहून ठेवा आणि तिथल्या वनरक्षकांना सांगा. त्यांना ही माहिती हवी असते.